छत्तीस तास की सहा शनिवार? लोकोपयोगी हॅकेथॉन निवडताना

लोकांच्या उपयोगाचे काही घडवायचे म्हणून हॅकेथॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात गटाने मिळून संगणकावरचे एखादे साधन तयार करण्याच्या उपक्रमात, उतरू पाहणाऱ्यांसमोर कोल्हापुरात सध्या साधारण दोन वाटा असतात. एक, शुक्रवारी संध्याकाळी सुरू होऊन रविवारी सकाळी संपणारा, सलग छत्तीस तासांचा. दुसरी, पाच-सहा शनिवारी संध्याकाळी तीन-तीन तास एकत्र बसून पुढे जाणारा. मी दोन्हींत भाग घेतला आणि दोन्ही वेळी विषय पंचगंगेच्या पुराचाच निवडला. त्यामुळे पुढची तुलना एका माणसाच्या आणि एकाच विषयाच्या अनुभवावर उभी आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

छत्तीस तासांचा साचा २०१७ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमुळे आपल्या महाविद्यालयांत चांगलाच रुळला आहे, आणि त्याचे गुण नाकारण्याचे कारण नाही. अनोळखी माणसे एका रात्रीत जवळची होतात. एरवी महिनाभर रेंगाळणारा निर्णय तिथे दहा मिनिटांत होतो. काम मोजता येण्याजोगे आणि वाटून घेता येण्याजोगे असेल, तर अशा एकवटलेल्या श्रमाला तोड नाही. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरातल्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीचे रस्ते काही दिवसांत उतरवले आणि मदतपथकांनी ते नकाशे प्रत्यक्ष वापरले. आपल्याकडेही एखाद्या तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या नकाशावर आणायच्या असतील, तर मी आजही छत्तीस तासांचाच प्रकार सुचवेन.

माझा निर्णय मात्र एका किरकोळ वाटणाऱ्या चुकीने झाला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी रोज फूट आणि इंचांत जाहीर होते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. आमच्या गटाने त्या आकड्यांचा आलेख दाखवणारे इंटरनेटवरचे पान तयार केले, आणि मध्यरात्रीच्या घाईत ३९ फूट ९ इंच ही नोंद ३९.९ अशी भरण्याची पद्धत ठरून गेली. नऊ इंचांपर्यंत कोणालाच काही खटकले नाही. पण ३९ फूट १० इंच ही नोंद ३९.१० झाली, आणि संगणकाच्या लेखी ३९.१० म्हणजे ३९.१. नदी इंचभर चढली आणि आमच्या आलेखावर ती पाऊण फुटाहून अधिक उतरली.

रविवारच्या सादरीकरणात नमुन्याचे मोजकेच आकडे होते, त्यामुळे परीक्षकांना हे दिसले नाही आणि आम्हालाही नाही. चूक सापडली ती पुढे जुलैमध्ये, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारच्या काकांना. त्यांनी फोन करून विचारले, “पाणी चढाय लागलंय आणि तुमची रेघ खाली कशी काय आली?” दुरुस्ती जेमतेम दहा मिनिटांची होती. पण त्या पानाचे खाते ज्या सहकाऱ्याच्या नावावर होते तो परगावी नोकरीला लागला होता, बाकीचे आपापल्या परीक्षांत होते, आणि आयोजकांचे काम बक्षीस देऊन संपलेले होते. चार दिवसांनी पान बंद करता आले, ते दुरुस्त झाले नाही. त्या चार दिवसांत आमच्या आलेखावर विसंबून कोणी गोठ्यातली जनावरे हलवण्याचे लांबणीवर टाकले असते तर, हा विचार माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

शनिवारच्या प्रकारात आम्ही याहून हुशार होतो असे नाही. तिथे दोन बैठकांच्या मध्ये एक मोकळा आठवडा होता, एवढाच फरक. पहिल्या शनिवारचे कच्चे पान घेऊन आम्ही प्रयाग चिखलीला गेलो. २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर पाहिलेल्या तिथल्या बायकांनी आलेखाकडे फारसे लक्षच दिले नाही. राजाराम बंधारा कसबा बावड्याजवळ, म्हणजे त्यांच्या गावाच्या खालच्या अंगाला आहे, आणि पाणी कुठवर आले हे त्या आपल्या ओळखीच्या पायऱ्यांवरून ठरवतात. त्यांना हवे होते ते दुसरेच: कोणता रस्ता केव्हा बंद होतो, म्हणजे जनावरे त्याआधी बाहेर काढता येतील. इशारा आणि धोका या पातळ्यांमधल्या चार फुटांत त्यांची सगळी धावपळ बसवायची असते, ही गोष्ट आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजली. पुढच्या शनिवारी आम्ही आलेख मागे सारला आणि रस्त्यांची यादी वर घेतली. सलग छत्तीस तासांत चिखलीला जाऊन यायला वेळ मिळाला असता असे मला वाटत नाही, आणि मिळाला असता तरी ऐकलेले पचवायला मिळाला नसता.

या प्रकाराच्याही अडचणी आहेत, आणि त्या लहान नाहीत. आम्ही सात जण सुरू झालो आणि चौथ्या शनिवारी चारच उरलो. चंदगड किंवा गडहिंग्लजहून येणाऱ्या विद्यार्थ्याला दर शनिवारी एसटीने ये-जा करणे खर्चाचे पडते. त्याच्यासाठी एकदाच येऊन सलग राहणे सोयीचे, हे मान्य करायलाच हवे. नोकरीच्या अर्जात लिहिण्यासारखे बक्षीसही इथे बहुधा नसते.

तरीही पुन्हा निवडायची वेळ आली तर मी शनिवारच निवडेन, निदान विषय पुरासारखा, चूक महागात पडणारा असेल तेव्हा. छत्तीस तासांच्या प्रकारात जायचे ठरले, तर नाव नोंदवण्याआधी आयोजकांना एवढे अवश्य विचारावे की सोमवारपासून पानाचे खाते कोणाच्या हाती राहणार आणि चूक कळवायची झाल्यास फोन कोणी उचलायचा. आमच्या आताच्या पानाचे खाते तिघांकडे आहे आणि त्यांतला एक जण कायम कोल्हापुरातच राहणारा आहे. पातळी भरण्यासाठी फूट आणि इंच अशा दोन वेगळ्या चौकटी आहेत, आणि इंचांच्या चौकटीत बारा लिहिले तर नोंद पुढे जात नाही.