आरडी (रजिस्टर्ड डाएटिशियन) इंटर्नशिपच्या नावाखाली माझे ८६,००० रुपये गेले

नोंदणीचे ३,५००. इंटर्नशिपच्या 'सीट'चे ४२,०००. परीक्षेच्या कोचिंगचे २४,०००. लॉगबुक आणि व्हेरिफिकेशनचे ६,५००. हॉस्पिटलचं परत मिळणारं डिपॉझिट म्हणून १०,०००. एकूण ८६,०००. त्यातले ४०,००० बाबांनी पतसंस्थेतून कर्जाने काढले, हप्ता अजून चालू आहे. नातेवाइकांना आम्ही अजूनही 'इंटर्नशिप झाली, परीक्षा बाकी आहे' असंच सांगतो. इथे पूर्ण लिहिते आहे, कारण आत्ता एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात असलेल्या मुलींना अशाच एखाद्या अकॅडमीचा 'सीट आहे' म्हणणारा फोन येत असणार.

मी अडाणी नाही. फूड अँड न्यूट्रिशनमध्ये एमएस्सी केलं, ७४ टक्के मिळवले. नुसतं डाएटिशियन म्हणवून घ्यायला आज कुणी अडवत नाही. दीड महिन्याचा ऑनलाइन कोर्स करून लोक पाट्या लावतात. पण मोठ्या हॉस्पिटलात क्लिनिकलला उभं राहायचं तर 'आरडी आहात का' हा पहिला प्रश्न येतो. रजिस्टर्ड डाएटिशियन व्हायचं तर पदव्युत्तर शिक्षण, मग हॉस्पिटलात आरडीच्या देखरेखीखाली इंटर्नशिप, आणि मग इंडियन डाएटेटिक असोसिएशनच्या बोर्डाची परीक्षा. हे सगळं मला माहीत होतं. घोडं अडलं ते मधल्या पायरीवर. नागपुरात धंतोली आणि रामदासपेठेतल्या चार हॉस्पिटलांत अर्ज दिले. एकानं पुढच्या बॅचला या म्हटलं, एक फक्त ठरावीक कॉलेजच्या मुली घेतं, दोघांनी उत्तरच दिलं नाही. कॉलेजात विचारलं तर 'इंटर्नशिप तुमची तुम्ही शोधायची' एवढंच ऐकायला मिळालं. जून उजाडला होता, घरी बसून तिसरा महिना. अशा वेळी कुणी 'सीट आहे, आज कन्फर्म करा' म्हटलं तर माणूस हो म्हणतो. तुम्हीही म्हटलं असतं.

असं म्हणणाऱ्या त्या अकॅडमीचं ऑफिस धरमपेठेत, दुसऱ्या मजल्यावर. काचेचा दरवाजा, भिंतीवर पदवी घेतलेल्या मुलींचे फोटो. तिथल्या मॅडम इतक्या गोड बोलायच्या की पहिल्याच भेटीत आईला त्यांनी 'काकू' करून टाकलं. पैसे भरताना त्यांनी सांगितलं, "पक्कं बिल घ्याल तर अठरा टक्के जीएसटी लागेल, कशाला उगाच?" ४२,००० वर १८ टक्के म्हणजे ७,५६०. आम्ही ते वाचवले. क्यूआर कोडवर पैसे टाकताना नाव अकॅडमीचं आलं नाही, एका माणसाचं आलं. मी विचारलं. "सरांचं खातं आहे, टॅक्सचं असतं ते," म्हणाल्या. बाबांनी बाहेर आल्यावर जिन्यातच विचारलं, "पावती काहून नाही घेतली गं?" मी त्यांच्यावर चिडले. ते मला रोज आठवतं.

पावती मागा. देत नसतील तर पैसे खिशातच ठेवा, सीट जाऊ द्या.

मला खरा राग येतो तो नवव्या दिवसाचा. इंटर्नशिप लावून दिली ती एका छोट्या नर्सिंग होममध्ये. डाएट किचन म्हणजे एक स्वयंपाकीणबाई आणि दोन गॅस. नवव्या दिवशी डायलिसिसवरच्या एका आजोबांच्या ट्रेमध्ये मी संत्र्याच्या रसाचा भरलेला ग्लास पाहिला. बाजूला टोमॅटोचं सूप. फाइलमध्ये पोटॅशियम ६.१, म्हणजे आधीच वाढलेलं, आणि संत्रं-टोमॅटो दोन्हींत पोटॅशियम भरपूर. हे वाचणाऱ्या प्रत्येक न्यूट्रिशनच्या मुलीला आत्ता धस्स झालं असेल. किडनी काम करत नसेल तर पोटॅशियम रक्तात साठतं आणि त्यानं हृदयाचा ठोका बिघडू शकतो. म्हणून तर अशा पेशंटची भाजीसुद्धा चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायला आपण शिकवतो. मी ग्लास उचलला, सिस्टरला सांगितलं. मग बाकीचे चार्ट पाहिले. बारा पेशंट, बारा झेरॉक्स. सगळ्यांना तेच १,६०० कॅलरींचं सॉफ्ट डाएट, फक्त नाव पेनानं लिहिलेलं. शुगरवाल्याला तेच, ऑपरेशन झालेल्याला तेच.

म्हणजे त्या इमारतीत आरडी नव्हती. साधी डाएटिशियनसुद्धा नव्हती. हे मला त्या दिवशी, त्या ट्रेसमोर कळलं होतं. कळलं नाही असं मी म्हणूच शकत नाही. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "सुपरवायझर मॅडम तीन हॉस्पिटलं पाहतात, आज दुसरीकडे आहेत. तू जागरूक आहेस, असंच पाहिजे." आणि मला बरं वाटलं! तोवर ४५,५०० गेले होते. ते बुडाले हे मान्य करायची हिंमत नव्हती म्हणून मी पुढचे ४०,५०० भरले. नवव्या दिवशी बॅग उचलून घरी आले असते तर पतसंस्थेची पायरी चढावी लागली नसती.

माझी एक सीनियर पुण्यात खरी इंटर्नशिप करत होती. तिची आरडी रोज सकाळी तिच्यासोबत राउंडला असायची. वजन, उंची, दंडाचा घेर, रक्ताचे रिपोर्ट, चोवीस तासांत काय खाल्लं त्याचा रिकॉल, नळीतून द्यायच्या फीडचा हिशेब, सगळं लिहायचं आणि आरडी लाल पेनानं दुरुस्त करायची. एका केसवर तीन-तीन वेळा. माझ्या लॉगबुकवर सहा महिन्यांत एक लाल रेघ नाही. सह्या शेवटी गठ्ठ्यानं होणार होत्या. तिसऱ्या महिन्यापासून तर 'काउन्सेलिंग' म्हणजे पेशंटच्या नातेवाइकांना १,८५० रुपयांचा प्रोटीन पावडरचा डबा विकणं. मी नऊ डबे विकले. त्यातली एक बाई उमरेडहून यायची, शेतमजूर होती. तिला शेंगदाणे, डाळ, अंडं सांगायला हवं होतं हे मला माहीत होतं.

जानेवारीत परीक्षेचा फॉर्म भरायला बसले तेव्हा सगळं उघडं पडलं. सर्टिफिकेटवर सुपरवायझरचं नाव आणि आरडी नंबर होता. सीनियरनं ओळखीतून चौकशी केली. तो नंबर दुसऱ्या शहरातल्या एका मॅडमचा निघाला. त्यांनी नागपुरात कधी कामच केलेलं नव्हतं. आठ दिवसांत धरमपेठेतल्या काचेच्या दरवाज्यावर 'भाड्याने देणे आहे'.

पहिल्याच दिवशी सुपरवायझर आरडीला समोरासमोर भेटा. नंबर आणि नाव जुळतं का ते असोसिएशनकडून तपासून घ्या, पैसे देण्याआधी. कुणी 'गॅरंटीड आरडी' म्हणालं तर उठून या. रजिस्ट्रेशन बोर्डाची परीक्षा पास झाल्यावरच मिळतं, ते विकायला कुणाकडेच नसतं.

मग पोलीस. पहिल्या ठाण्यात सांगितलं, नर्सिंग होम दुसऱ्या हद्दीत आहे, तिकडे जा. दुसऱ्यात म्हणाले, पैसे तिकडे दिले, तिकडे जा. तिसऱ्यांदा गेले तेव्हा एक साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही सहा महिने गेल्या ना तिथे? सर्टिफिकेट पण मिळालं. मग हा सिव्हिल मॅटर झाला." बाबा, साठ वर्षांचा माणूस, हात जोडून उभे. "इतकी शिकलेली पोरगी, आणि पावती नाही घेतली?" हे त्यांनाच ऐकवलं. तीन दिवस, प्रत्येक वेळी दोन-अडीच तास बाकावर, आणि हातात काय, तर अर्जावर पोच. तीही मागून घेतली तेव्हा.

नंतर एका वकीलताईंनी सांगितलं. जुलै २०२४ पासून जो नवा कायदा आहे त्यात गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. नाही घेतली तर वरिष्ठांना लेखी, पोस्टानं पाठवायची. फसवणुकीचं जुनं ४२० आता न्याय संहितेत ३१८ झालंय. हे मला त्या बाकावर बसले असताना माहीत असतं तर बाबांना हात जोडावे लागले नसते. ज्यांना हे माहीत असायलाच हवं, ते टेबलापलीकडे बसून मला हद्द शिकवत होते.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी सात महिन्यांनी केला, तोवर त्या खात्यात काय राहणार होतं? ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र उघडा आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षं. पावती नसली तरी यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, कॉल रेकॉर्डिंग पुरावा म्हणून देऊन पाहू असं वकीलताई म्हणतात. चॅट डिलीट करू नका. मी रागाच्या भरात अर्धं केलं होतं, आईच्या फोनवर फॉरवर्ड केलेलं थोडं वाचलं.

आत्तापर्यंत त्याच क्यूआर कोडवर पैसे भरलेल्या आणखी तीन मुली सापडल्या आहेत. एक वर्ध्याची, एक भंडाऱ्याची, एक इथलीच मानेवाड्याची. एकत्र तक्रार करता येते, तसा अर्ज तयार होतोय. तिघींपैकी एकीच्या घरी अजून माहीत नाही, म्हणून ती सही करायला घाबरते आहे. तुमच्या ओळखीत कुणी तिथे पैसे भरले असतील तर पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवायला सांगा. सोमवारी मी आणि बाबा परत ठाण्यात जातोय, या वेळी कलमाची झेरॉक्स घेऊन.