पॅलेस्ट्रिना की बर्ड: पहिली लॅटिन मिस्सा कुठली बसवावी?

मिस्सा म्हणजे कॅथलिक उपासनेतल्या प्रार्थनांना दिलेलं संगीत. ती निवडताना आधी क्वायरमधले (समूहगायनाच्या संचातले) पुरुष मोजा. इटालियन रचनाकार पॅलेस्ट्रिनाची ‘मिस्सा पापे मार्चेल्ली’ (छपाई १५६७) सहा आवाजांची आहे. त्यात पुरुषांच्या ओळी चार: टेनर (वरचा आवाज) दोन, बास (खालचा) दोन. पुरुष चारच असतील तर एकेका ओळीला एकेक माणूस उरतो आणि एकाचा घसा बसला की तालीम बंद. शेवटच्या आन्युस देईत (मिस्सेच्या समारोपाच्या प्रार्थनेत) तर ओळी सात होतात. इंग्रज रचनाकार विल्यम बर्डची चार आवाजांची मिस्सा (साधारण १५९२-९३) तेवढ्याच माणसांत उभी राहते. तेव्हा इंग्लंडात कॅथलिक उपासनेला बंदी होती. मिस्सा लपूनछपून घरात व्हायची, आणि बर्डची प्रत मुखपृष्ठाशिवायच छापली गेली.

म्हणून बर्ड सोपा, असं मात्र नाही. पॅलेस्ट्रिनाच्या ग्लोरिया-क्रेदोत (मिस्सेच्या दोन लांब भागांत) आवाज बहुतेक शब्द एकत्रच उच्चारतात. चुकलेला गायक शेजाऱ्याला धरून परत येतो. सूर पायरीपायरीने चालतात, मोठी उडी लगेच उलट दिशेने भरून निघते. हीच शिस्त ऑस्ट्रियन संगीतज्ञ फुक्सने १७२५ साली नियमांत बांधली आणि हेडन, बेथोव्हेन हे रचनाकार ती गिरवून शिकले. (या मिस्सेने कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेच्या बंदीपासून बहुस्वरी, म्हणजे अनेक ओळी एकत्र गायचं, संगीत वाचवलं, ही दंतकथा. कार्यक्रमपत्रिकेत छापू नका.)

बर्डकडे असा आडोसा कमी. त्याचं आन्युस देई दोनच आवाजांनी सुरू होतं, मग तीन, मग चार. त्याच्या शेवटच्या ‘दोना नोबिस पाचेम’ (‘आम्हाला शांती दे’) या शब्दांना एक आवाज सूर धरून ठेवतो, दुसरा येऊन त्याला घासतो (न जुळणारा सूर लावतो), मग पहिला एक पायरी उतरतो; तोवर पुढची घासाघीस सुरू. गायकाला वाटतं आपलंच चुकलं, आणि तो सूर लवकर सोडतो. मग सगळी जागा बेचव होते. दोन-दोन आवाज वेगळे काढून संथ गाऊन घ्या: धरलेला सूर घासेपर्यंत किंचित वाढवायचा, उतरताना हलका करायचा.

मूळ छपाईत प्रत्येक आवाजाची वही वेगळी आणि तिच्यात दंडरेषा (मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेघा) नाहीत. आजच्या प्रतीत त्या दिसतात म्हणून दर पहिल्या मात्रेवर समेसारखा जोर दिला, की दोन्ही मिस्सा लंगडतात. जोर लॅटिन शब्दाचा.

पुरुष सहाच्या खाली असतील तर बर्ड घ्या. त्याची आल्टो ओळ (सर्वांत वरच्या सोप्रानोच्या खालची) आजच्या बायकांना खालची पडते, त्यामुळे पट्टी चढवलेली प्रत बघा. पण सोप्रानो वर कुठे पोचतो तेही तपासा.