कॅरी मॅट की हवेची मॅट? साताऱ्याच्या डोंगरांत मुक्काम करणाऱ्यांसाठी

थंडीची चाहूल लागली की साताऱ्यातल्या ट्रेकर मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो: यंदा झोपायला हवेची मॅट घेऊन टाकावी का? विचारणाऱ्याकडे बहुधा जुनी कॅरी मॅट असते, मधोमध दबून पापड झालेली. आणि मोबाईलवर एखादी परदेशी मॅट उघडलेली असते, वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, किंमत पाच आकडी. माझं मत आधीच सांगतो. फक्त सह्याद्रीत फिरणार असाल तर उबेच्या आकड्यासाठी, म्हणजे आर-व्हॅल्यूसाठी, जादा पैसे घालवू नका. कापड, रुंदी आणि व्हॉल्व्ह यांसाठी घाला. हिमालयाचा बेत पक्का असेल तर मात्र हिशोब उलटा होतो.

बाजारात मुळात तीनच जाती आहेत. पहिली आपली फोमची कॅरी मॅट, गुंडाळायची किंवा घडीची. दुसरी सेल्फ-इन्फ्लेटिंग: आत स्पंज, बाहेर हवाबंद कापड, व्हॉल्व्ह उघडला की स्पंज फुलतो आणि हवा आपोआप आत येते, शेवटच्या दोन-चार फुंका आपण मारायच्या. तिसरी निव्वळ हवेची, आत पोकळ कप्पे.

आकडे शेजारी ठेवले की गंमत दिसते. थर्म-अ-रेस्टची झेड लाइट सोल ही घडीची फोम मॅट १८३ सेंमी लांब, ५१ सेंमी रुंद, २ सेंमी जाड आणि ४१० ग्रॅमची. तिची आर-व्हॅल्यू २. त्याच कंपनीची प्रोलाइट ही सेल्फ-इन्फ्लेटिंग अडीच सेंमी जाड, ५१० ग्रॅम, आर-व्हॅल्यू २.४. क्लायमिटची स्टॅटिक व्ही ही हवेची मॅट सहा सेंमीहून जाड, साधारण ५३० ग्रॅम, आणि आर-व्हॅल्यू फक्त १.३. म्हणजे तिप्पट जाड असूनही ती दोन सेंमीच्या फोमपेक्षा थंड! आणि थर्म-अ-रेस्टची निओएअर एक्सलाइट एनएक्सटी: ७.६ सेंमी जाड, ३७० ग्रॅम, आर-व्हॅल्यू ४.५. तीही हवेचीच, पण किंमत पाहून घाम फुटतो.

हे असं का होतं, ते समजून घेतलं तर निम्मा निर्णय झालाच. आर-व्हॅल्यू म्हणजे मॅट अंगातली ऊब जमिनीत जाण्यापासून किती अडवते, त्याचं माप. आकडा जितका मोठा तितकी अडवणूक जास्त. फोममध्ये हवा बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेली असते, तिला हलायला जागा नसते. हवेच्या मॅटमध्ये मोठ्या पोकळ नळ्या असतात. आपल्या पाठीने वरची हवा तापते, खालची जमिनीने गार होते, आपण कूस बदलली की दोन्ही ढवळतात आणि ऊब खाली निघून जाते. महागड्या मॅटमध्ये या पोकळीत चकचकीत पातळ पडदे आडवे बसवलेले असतात. ते हवेचं फिरणंही रोखतात आणि अंगाची उष्णता परतही फिरवतात. पैसे जातात ते या पडद्यांसाठी.

स्लीपिंग बॅग चांगली आहे, मग मॅटची एवढी चिंता कशाला, असंही कुणी म्हणतं. पण बॅग ऊब धरते ती फुललेल्या भरावात. पाठीखाली तो भराव आपल्याच वजनाने चपटा होतो आणि तिथे बॅगचा उपयोग जवळजवळ शून्य. पाठीची राखण मॅटनेच करायची असते.

आकडा वाचताना एक खबरदारी. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलनाच करता येत नसे. २०१८ मध्ये एएसटीएम एफ ३३४० हे मानक आलं: फुगवलेली मॅट एका गरम आणि एका गार प्लेटच्या मध्ये ठेवून उष्णता किती निसटते ते मोजायचं. ऑनलाइन दिसणाऱ्या दोन-अडीच हजारांच्या मॅटवर मोठ्या अक्षरात आर-व्हॅल्यू छापलेली असेल, पण या मानकाचा उल्लेख नसेल, तर तो आकडा मनावर घेऊ नका.

आता आपली जमीन

सातारा जिल्ह्यात मुक्काम होतो कुठे? वाईकडे कमळगड, केंजळगड, पलीकडे पुणे जिल्ह्याच्या हद्दीतलं रायरेश्वराचं पठार, जावळीच्या खोऱ्यात मधुमकरंदगड, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठाने बामणोली, तापोळा. वासोट्यावर मुक्कामाला परवानगी नाही, तेव्हा तिथले लोकही शेवटी बामणोलीलाच पथारी टाकतात. थंडी म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत पारा बहुतेक ठिकाणी दहाच्या आसपास येतो. महाबळेश्वरात वेण्णा लेकच्या काठी काही पहाटे दवाचे कण गोठतात, पेपरात फोटो येतो. याहून कडाक्याची थंडी आपल्याकडे नाही. या हवेला दोनच्या आसपासची आर-व्हॅल्यू पुरते. फार थंडाळू माणूस असेल तर तीन. साडेचारची मॅट घेऊन कमळगडावर झोपणं म्हणजे पैसे वाया, आणि मार्च-एप्रिलमध्ये दिवसभर तापलेला कातळ रात्रीही उष्णता सोडत असतो तेव्हा तर ती मॅट नकोशीच होते. उन्हाळ्यात अंग चिकटतं ते वेगळंच. वर सुती चादर टाकावीच लागते.

अपवाद एकच, देवळाची फरशी. दगडी सभामंडप पहाटे चार वाजता पाठीला जेवढा गार लागतो तेवढं उघड्यावरचं गवत लागत नाही, कारण दगड अंगातली ऊब भराभर ओढून घेतो. तिथे १.३ची हवेची मॅट पुरत नाही. आणि नेमकी देवळातच हवेची मॅट सगळ्यात सुरक्षित असते, कारण काटा नाही, खडा नाही. फक्त ती फरशीवर घसरते. रात्रीतून माणूस मॅटसकट नंदीपाशी पोचलेला मी पाहिला आहे. खाली जुनी सतरंजी टाकली की हे थांबतं.

उघड्यावर हिशोब बदलतो. दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. पायमोज्यात घुसतात, स्लीपिंग बॅगेत घुसतात, तंबूच्या तळातूनही वर येतात. त्यात करवंदीचे काटे, बोरी-बाभळी आणि पाचगणी-महाबळेश्वरच्या पट्ट्यात जांभ्याचा खरबरीत दगड. परदेशी मॅटच्या कौतुकात हे काही लिहिलेलं नसतं. तिथे मॅट हलकी करण्यासाठी कापड २० ते ३० डेनिअरपर्यंत पातळ केलेलं असतं. डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप. स्टॅटिक व्ही ही थंड मॅट आहे खरी, पण तिचं कापड ७५ डेनिअर आहे, आणि आपल्या कुसळांपुढे मला हा आकडा आर-व्हॅल्यूपेक्षा मोलाचा वाटतो. हवेची मॅट घ्यायचीच तर ४० डेनिअरच्या खाली उतरू नका. आणि आतला थर टीपीयूचा, म्हणजे लवचिक प्लास्टिकचा, बघा. पीव्हीसीच्या मॅट स्वस्त असतात पण जड, आणि काही वर्षांनी घडीवर तडकतात.

मॅट टाकण्याआधी जमिनीवरून तळहात फिरवा. नुसत्या डोळ्यांना कुसळ दिसत नाही, तळहाताला टोचतं. खाली काहीतरी जाड हवंच. गाडीने तापोळ्याला जाणारे लोक वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स अंथरतात, छापील बाजू खाली करून. पाठीवर वाहायला तो जड, पण काटा मात्र वर येऊ देत नाही. शेकोटीपासून हवेची मॅट लांबच ठेवा. ठिणगी पडली की फोमला भोक पडतं आणि फोम तसाच काम करत राहतो. हवेच्या मॅटची रात्र तिथेच संपते.

पंक्चर झालंच तर

रात्री मॅट मऊ लागली म्हणजे पंक्चरच असं नाही. संध्याकाळी अठ्ठावीस अंशांत भरलेली हवा पहाटे बारा अंशांवर येते तेव्हा तिचा दाब सुमारे पाच टक्के उतरतो. त्यात तोंडाने भरलेली हवा तर अंगाइतकी गरम असते, ती अजून आकसते. म्हणून मॅट आधी भरून ठेवायची, जेवण उरकायचं आणि झोपण्यापूर्वी दोन फुंका परत मारायच्या. पहाटेपर्यंत खुबा जमिनीला टेकला तर मात्र गळती आहे.

शोधायची अशी: मॅट टम्म भरा, साबणाचा फेस आधी व्हॉल्व्हवर लावा, मग शिवणीसारख्या कडांवर, शेवटी सपाट भागावर. बारीक बुडबुड्यांची रांग उठते तिथे पेनाने गोल करा. हवा पूर्ण काढा, जागा कोरडी करा, सॅनिटायझरने पुसा, मॅटसोबत आलेला पॅच दाबून बसवा आणि पॅचच्या पाकिटावर लिहिलाय तेवढा वेळ खरंच थांबा. सायकलच्या दुकानातलं सोल्यूशन इथे धरत नाही. ते ट्यूबच्या रबरासाठी असतं. व्हॉल्व्हच गळत असेल तर डोंगरावर काही इलाज नाही. म्हणून विकत घेताना व्हॉल्व्ह बघा: आत गेलेली हवा परत न सोडणारा, एकतर्फी असावा, आणि हवा काढायला मोठं तोंड वेगळं असावं. एकाच अरुंद नळीची मॅट सकाळी गुंडाळताना जीव नको करते.

तोंडाने फुंकणं टाळता आलं तर टाळा. श्वासातली वाफ आत साठते आणि काही मॅटमध्ये बुरशी धरते. पंपाची पिशवी मिळते, तळहातात मावणारे चार्जिंगचे पंपही मिळतात. पिशवी बरी, तिला चार्जिंग लागत नाही.

वजन, जागा आणि झोप

वजनावरून लोक फार डोकं फोडतात. वाईच्या किल्ल्यांवर मार्चनंतर पाण्याचा भरवसा नाही, माणशी चार लिटर पाणी म्हणजे चार किलो आपण निमूट उचलतो. तिथे मॅटच्या शंभर-दीडशे ग्रॅमने काय फरक पडणार? फरक पडतो तो आकारमानाचा. कॅरी मॅटची गुंडाळी सॅकबाहेर बांधावी लागते, एसटीच्या दारात अडकते, करवंदीच्या जाळीत तिचे लचके निघतात. हवेची मॅट लिटरच्या बाटलीएवढी होऊन सॅकच्या पोटात जाते. अनेक दिवसांच्या रेंज ट्रेकला हा फायदा खरा मोठा. सेल्फ-इन्फ्लेटिंग इथे मधल्या मधे लटकते: हवेच्या मॅटइतकी बारीक होत नाही, फोमइतकी निश्चिंत नाही, पंक्चरचा धोका आहेच. गाडीने कॅम्पिंगला जाणाऱ्यांना ती उत्तम. पाठीवर वाहून नेणाऱ्यांना मी सुचवत नाही.

झोपेचं म्हणाल तर उताणं झोपणाऱ्याला फोम चालतो. कुशीवर झोपणाऱ्याचं सगळं वजन खांदा आणि खुब्यावर येतं, दोन सेंमीचा फोम तिथे हार मानतो. चाळिशीनंतर, कंबरेचं दुखणं असेल तर, किंवा बाळंतपणानंतर पहिल्यांदा मुक्कामी ट्रेकला निघालेल्या मैत्रिणींसाठी जाड हवेची मॅट ही चैन नाही. मात्र ५१ सेंमीची रुंदी आडव्या बांध्याच्या माणसाला अपुरी. कोपरं खाली घरंगळतात. ६४ सेंमीची रुंद मॅट बघा, शंभरेक ग्रॅम वाढले तरी. आणि चकचकीत पडद्यांच्या मॅट कूस बदलताना चुरचुरतात. तंबूतल्या जोडीदाराला विचारून घ्या.

फोमच्या बाजूने एक गोष्ट राहिली. तिच्यावर बसता येतं, भाजी चिरता येते, स्टोव्हला वाऱ्याचा आडोसा करता येतो, मुरगळलेल्या पायाला गुंडाळून आधार देता येतो. हवेच्या मॅटवर चिवड्याची पिशवी ठेवतानाही जपावं लागतं.

मग घ्यायचं काय? वर्षातून एक-दोन मुक्काम, वय पंचविशीच्या आत, झोप गाढ: हजार-पंधराशेच्या आतली चांगली फोम मॅट घ्या आणि विषय संपवा. कंबर कुरकुरते, मुक्काम नेहमीचे: ७५ डेनिअरच्या आसपासची, बिनभरावाची हवेची मॅट, आणि थंडीत तिच्याखाली अंगभर लांबीचा दोन सेंमीचा फोम. आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, १.३ आणि २ मिळून ३.३, शिवाय कुसळं फोममध्येच अडतात आणि रात्री हवा गेलीच तर पाठीखाली काहीतरी उरतं. माझ्या मते सह्याद्रीसाठी याहून चांगली जोडी नाही. दोघांची किंमत मिळूनही त्या पाच आकडी मॅटच्या बरीच खाली राहते. जिथे गाडी जाते तिथे माण तालुक्यातलं घोंगडं वर अंथरा, मग आर-व्हॅल्यू विचारायचं कारणच उरत नाही. फक्त ते पाठीवर घेऊन गड चढायचा विचार करू नका.

उत्तराखंड किंवा हिमाचलात बर्फाच्या आसपास झोपायचं असेल तर साडेचारच्या पुढची मॅट लागते, तिथे काटकसर नको. पण अशी मॅट एका ट्रेकपुरती हवी असेल तर भाड्याने मिळते का ते आधी बघा. ट्रेकच्या संस्था बहुधा मॅट स्वतःच देतात.

कुठलीही हवेची मॅट घरी आली की पहिलं काम: टम्म भरून रात्रभर हॉलमध्ये ठेवा, तिच्यावर झोपा, सकाळी दाब बघा. परत करायची मुदत संपायच्या आत हे उरका. आणि भरलेली मॅट गच्चीवर उन्हात किंवा बंद गाडीत सोडू नका. आतली हवा फुगून कप्प्यांचे जोड सुटतात, मॅटला मधोमध टेंगूळ येतं आणि त्याला पॅच नसतो.