लूपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम ३-९×४०: तीन सीझन वापरून झाल्यावर

लूपोल्ड म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण, इथल्या भाषेत स्कोप. आधीच सांगून टाकतो, हे सगळं अमेरिकेतल्या मिशिगनमधलं आहे, हरणाच्या शिकारीचं, लायसन्स काढून, टॅग (मारलेल्या हरणाला बांधायची चिठ्ठी) घेऊन, १५ ते ३० नोव्हेंबरच्या रायफल सीझनमधलं. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली हे मला ठाऊक आहे, आठवण करून देऊ नका. चिपळूणजवळच्या आमच्या गावी आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, भातात डुकरं शिरायची म्हणून. तिच्यावर दुर्बीण वगैरे काही नाही, नळीच्या टोकाला नेम धरायची एक पितळी माशी, बस. ती माशी आजोबा धोतराच्या सोग्याने पुसायचे. तेवढंच माझं बंदुकीचं ज्ञान, आणि तेवढ्यावर मी ग्रीन कार्ड आल्यावर इथे थ्री-ओ-एटची (.३०८ काडतुसाची) रायफल घेतली, म्हणजे काय होणार ते कळलंच असेल.

झालं असं की पहिला स्कोप मी झूम बघून घेतला. ४-१६×५०, म्हणजे झूम ४ ते १६ पट आणि पुढची काच ५० मिलिमीटरची, ब्लॅक फ्रायडेला स्वस्तात, कंपनीचं नाव घेत नाही. दुकानात शेल्फवरच्या डब्यांवरची अक्षरं लांबून वाचता आली की माणूस खूश होतो, मीही झालो. मग पहिल्याच सीझनला संध्याकाळी, उजेड जाता जाता, साधारण सत्तर यार्डांवर नर आला. मी स्कोप लावला तर आत नुसतं काळपट तपकिरी काहीतरी हलतंय, ते मान आहे की मांडी काही कळेना, आणि तोवर ते गेलं. झूम १६ वर राहिला होता. कमी केला असता तर दिसलं असतं हे मान्य, पण हरीण समोर उभं असताना झूमची रिंग फिरवायची आठवण कुणाला राहते हो.

नंतर कळलं ते गणित अगदी शाळेतलं आहे. पुढच्या काचेचे मिलिमीटर भागिले झूम, म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाच्या गोळ्याचा व्यास. ५० भागिले १६ म्हणजे ३ च्या थोडं वर. अंधारात तरुण माणसाची बाहुली ६-७ मिलिमीटर उघडते, चाळिशीनंतर ५ च्या आसपास. म्हणजे माझा डोळा ५ मागतोय आणि मी त्याला ३ देतोय, मग पन्नासची काच काय कामाची. उलट ४० ची काच झूम ६ वर ठेवली तर साडेसहाच्या वर मिळतात. आणि इथे कायद्याने सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास बार काढता येतो, हरीण नेमकं त्या दोन अर्ध्या तासांतच फिरतं, भर दुपारी नाही. पन्नासच्या काचेला स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंगाही उंच लागतात, गाल दस्त्यावर टेकत नाही, हनुवटी टेकवून नेम धरावा लागतो, ते वेगळंच.

म्हणून मग हा लूपोल्ड, ३-९×४०, तीनशे डॉलरच्या आत मिळाला. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, दिवसभर खांद्यावर रायफल घेऊन बर्फातून चालताना हे जाणवतं. डोळा चारेक इंच लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, झूम ९ वर नेला की थोडं जवळ जावं लागतं. हे अंतर महत्त्वाचं का, तर रेंजवर माझ्या शेजारच्या बाकावर एकाने डोळा चिकटवून बार काढला आणि मागे आलेल्या धक्क्याने स्कोपच्या कडेने भुवईवर अर्धचंद्र कोरून घेतला, टाके पडले. रेटिकल, म्हणजे आतल्या नेमाच्या रेघा, साधं ड्युप्लेक्स, बाहेर जाड रेघा आणि मधे बारीक, लूपोल्डनेच १९६२ मध्ये आणलं आणि मग सगळ्यांनी उचललं. देवदाराच्या झाडीत अंधार झाला की मधला बारीक क्रॉस हरवतो पण चार जाड रेघा दिसतात, त्यांच्या मधोमध नेम धरायचा, जमतं. बेसिक मॉडेलला आत दिवा नाही, ज्यांना लाल ठिपका लागतोच त्यांनी हा घेऊ नये. चारशे यार्डांच्या पुढे मारणाऱ्यांनीही नको. वॉरंटी आजन्म, पावती लागत नाही, सेकंडहँड घेतला असला तरी चालतं.

आता खरी गोष्ट. स्कोप नवा, काच मस्त, आणि दुसऱ्या सीझनआधी रेंजवर गोळ्या कुठेही जायला लागल्या. दोन एकाशेजारी एक आणि तिसरी पाच इंच उजवीकडे. मी स्कोपवरच्या नेम सरकवायच्या चकत्या (टरेट) क्लिक-क्लिक फिरवत बसलो, १०० यार्डांवर एका क्लिकला पाव इंच, आधी डावीकडे वीस, मग परत उजवीकडे बारा, वेड्यासारखं. गोळ्यांचा ब्रँड बदलला. नळी तापली असेल म्हणून अर्धा तास थांबलो. श्वास चुकतोय, चाप ओढताना हात हलतोय, सगळे दोष स्वतःला देऊन झाले. ज्यांच्या कॅम्पवर मी जातो ते सत्तरीतले गृहस्थ, मॅकिनॉ ब्रिजच्या पलीकडचे, म्हणजे मिशिगनच्या उत्तरेकडच्या भागातले, त्यांनी रायफल हातात घेतली, स्कोप मुठीत धरून हलकेच हलवला आणि म्हणाले, “आधी स्क्रू बघ, मग स्वतःला शिव्या दे.” बेसचा, म्हणजे रिंगा ज्यावर बसतात त्या रायफलवरच्या पट्टीचा, पुढचा स्क्रू बोटाने फिरत होता! स्कोप एका दुकानात फुकट बसवून दिला होता, दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, कारण वर्षभरात मी पण एकदाही बघितलं नव्हतं.

तेव्हापासून स्वतः बसवतो. स्क्रूवर कारखान्यातलं तेल असतं ते आधी अल्कोहोलने पुसायचं, बेसच्या स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एक थेंब, रिंगांच्या स्क्रूला नाही. रिंगांचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंड इतक्याच जोराने पिळायचे, त्यासाठी जोर मोजणारा छोटा टॉर्क रेंच घेतला, नाहीतर आपण आपल्या अंदाजाने पिळतो आणि ट्यूबला खळगा पाडतो. शेवटी प्रत्येक स्क्रूवरून खालच्या धातूवर जाईल अशी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली, बायकोची मरून रंगाची बाटली, तिला विचारून. स्क्रू हलला की रेघ तुटलेली दिसते, रेंच काढायची पण गरज नाही.

झिरो करताना, म्हणजे नेम आणि गोळी जुळवताना, थेट १०० यार्डांवर जाऊ नका, कागदावरच लागणार नाही. रायफल रिकामी करून बोल्ट (नळी मागून बंद करणारी दांडी) काढून नळीतून मागून बघायचं, टार्गेट नळीच्या मधे आणायचं आणि रायफल न हलवता क्रॉस तिथे आणायचा, मग २५ यार्ड. तिथे एका क्लिकला पाव इंचाचाही पाव, म्हणजे एक इंच सरकवायला सोळा क्लिक, इथे माझ्यासकट सगळे फसतात आणि स्कोप बिघडलाय म्हणतात. त्यानंतर १०० वर जायचं. थ्री-ओ-एटला १०० वर दोनेक इंच वर ठेवलं की २०० वर बरोबर बसतं, झाडीत त्यापुढे दिसतच नाही.

काच पुसायला टीशर्टचं टोक वापरू नका, धुळीत वाळूचा कण असतो आणि कोटिंगवर ओरखडा कायमचा राहतो. आधी फुंकणीने हवा मारा, मग मऊ ब्रश, मग लेन्सचं कापड. तोंडाने फुंकर मारली की थंडीत काचेवर लगेच बर्फाचा पापुद्रा, मी उजाडता उजाडता नेमकं हेच केलंय, मग दहा मिनिटं काच पुसत बसलो. आतून धुकं धरत नाही कारण ट्यूबमधे कोरडा वायू भरलेला असतो, पण बाहेरून कुठलीही काच धरते. म्हणून रात्री रायफल शेकोटीच्या उबेत आणायची नाही, रिकामी करून, केसमधे, गाडीतच कुलपात ठेवायची. सकाळी ती आणि हवा एकाच तापमानाला असतात.

त्या म्हाताऱ्यांकडे मात्र स्कोपच नाही. त्यांची रायफल मार्लिन ३३६, थर्टी-थर्टी काडतुसाची, मागे भोकाची पीप साइट. हिच्यातलं काडतूस बाजूने बाहेर पडतं त्यामुळे वर स्कोप आरामात बसला असता, पण नको म्हणतात. दलदलीतल्या झाडीत चाळीस यार्डांवर हरीण उठलं की माझा गाल दस्त्याला लागेपर्यंत त्यांचा बार झालेला असतो. भोकातून बघायचं, माशी आपोआप मधे येते, डोळा स्वतःच ते करतो. बर्फ भरला तर फुंकर मारली की झालं. पहिल्यांदा त्या भोकातून बघितलं तेव्हा मला आजोबांची पितळी माशी आठवली, आणि खरं सांगू तर पुढच्या वर्षी एक तसली घ्यायचा विचार आहे, बायकोला अजून बोललो नाहीये.

या वर्षी ऑक्टोबरमधे रेंजवर गेलो, तीन गोळ्या, दोन इंच वर, तिन्ही एका कपाच्या तोंडात मावतील अशा. मरून रेघा जागच्या जागी. टरेटची टोपणं उघडलीच नाहीत. जुना ४-१६ कपाटात पडून आहे, कुणाला रेंजवर नुसता कागद फोडायचा असेल तर घेऊन जा, उंच रिंगांसकट.