लिनक्स डेस्कटॉपवर सेटिंग्जसाठी कमांड लाइन: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गोव्यातील डिचोलीत आमचे टंकलेखन, छपाई आणि स्कॅनिंगचे छोटे दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, चतुर्थीच्या आधी आरत्यांच्या पुस्तिका, जत्रांच्या दिवसांत नाटकांची हस्तपत्रके असे बहुतेक काम मराठीतूनच होते. दुकानातील संगणक आम्ही डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती आणि ग्नोम डेस्कटॉपवर आणले (एक जुना संगणक तेवढा एक्सएफसीई डेस्कटॉपवर ठेवला), तेव्हाच असे ठरवले की सेटिंग बदलायचे ते टर्मिनलमधून (कमांड टाइप करण्याच्या खिडकीतून), कमांडने, आणि ती कमांड एका साध्या फाइलमध्ये तारखेसह लिहून ठेवायची. संपूर्ण पावसाळा आणि त्यामागून आलेला सणांचा हंगाम याच पद्धतीने काढल्यावर हा अनुभव लिहीत आहे. मत आधीच सांगून टाकतो. संगणक एक आणि वापरणारा माणूसही एकच असेल, तर सेटिंग्जची नेहमीची खिडकी पुरेशी आहे. संगणक अनेक आणि हातही अनेक असतील, तर मात्र कमांड लाइनशिवाय घडी बसत नाही. कारण माउसने केलेल्या बदलाची नोंद कुठेच राहत नाही आणि तो बदल एका वापरकर्त्यापुरता झाला की सगळ्या यंत्रासाठी, हेही त्या खिडकीत उमगत नाही.

ग्नोमची बहुतेक सेटिंग्ज डीकॉन्फ नावाच्या डेटाबेसमध्ये राहतात. ही फाइल बायनरी असल्यामुळे साध्या एडिटरमध्ये उघडून वाचता येत नाही. तिच्यापर्यंत नेणाऱ्या कमांड दोन आहेत, जीसेटिंग्ज आणि डीकॉन्फ. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी सर्वप्रथम ‘डीकॉन्फ वॉच /’ ही कमांड दाखवतो. ती टर्मिनलमध्ये चालू ठेवायची आणि शेजारी सेटिंग्जची खिडकी उघडून हवा तो बदल एकदा माउसने करायचा. समजा ‘नाइट लाइट’ सुरू केला, तर त्याच क्षणी टर्मिनलमध्ये दोन ओळी उमटतात: वर ऑर्ग, ग्नोम, सेटिंग्ज-डीमन, प्लगिन्स, कलर असा उतरत जाणारा आणि नाइट-लाइट-एनेबल्ड या नावाशी संपणारा पूर्ण मार्ग, आणि खाली ‘ट्रू’ हे मूल्य. मार्ग हाती आला की तीच गोष्ट दुसऱ्या संगणकावर एका ओळीत होते. सेटिंगचे इंग्रजी नाव पाठ असण्याची गरज उरत नाही. आमच्या फाइलमधील निम्म्याहून अधिक ओळी अशाच जमल्या आहेत.

या दोन कमांडमध्ये फरक आहे आणि तो नीट समजून घ्यावा. जीसेटिंग्ज प्रत्येक मूल्य आपल्या स्कीमाशी, म्हणजे कोणत्या सेटिंगला कोणते मूल्य चालते याच्या आराखड्याशी, ताडून पाहते. नाव चुकले तर अशी कळ (म्हणजे या नावाचे सेटिंग) नाही असे सांगते, आणि मूल्य चालण्यासारखे नसेल तर ते घेत नाही. डीकॉन्फ मात्र दिलेले मूल्य निमूटपणे लिहून मोकळी होते. पडदा किती वेळाने बंद व्हावा हे ठरवणारी ‘आयडल-डिले’ ही कळ उदाहरणादाखल घेऊ. ती वाचली तर ‘यूइंट३२ ३००’ असे उत्तर येते, म्हणजे ३०० सेकंद, आणि ही संख्या ऋणचिन्ह नसलेल्या पूर्णांकाच्या प्रकारातील आहे. जीसेटिंग्जला नुसते ६०० दिले तरी ती योग्य प्रकार स्वतःच लावते. डीकॉन्फला नुसते ६०० दिले, तर ते साध्या पूर्णांकाच्या प्रकारात लिहिले जाते. प्रकार जुळत नसल्याने वाचताना ग्नोम ते मूल्य बाजूला सारते आणि मूळचे ३०० वापरते. पडद्यावर कोणतीही तक्रार उमटत नाही, डेटाबेसमध्ये ६०० दिसत राहतात आणि पडदा पाच मिनिटांतच काळा होतो. म्हणून आमच्याकडे नियम असा आहे की पाहायला डीकॉन्फ आणि बदलायला जीसेटिंग्ज. सगळी सेटिंग्ज एकदम काढून घेण्यासाठी ‘डीकॉन्फ डंप’ आणि परत भरण्यासाठी ‘डीकॉन्फ लोड’ या दोनच ठिकाणी आम्ही त्याला अपवाद करतो.

सेटिंग नेमके कोणाचे, हा प्रश्न आम्हाला यंत्र आपोआप झोपी जाण्याच्या प्रकरणाने सर्वांत स्पष्टपणे शिकवला. दुकानातील टंकलेखन मुख्यतः वहिनी पाहतात. दुपारच्या सुटीनंतर त्या परतल्या की हाक यायची, “भावजी, हा परत झोपला बघा.” वहिनींच्या खात्यात ‘स्लीप-इनअॅक्टिव्ह-एसी-टाइप’ या कळीचे मूल्य ‘नथिंग’ होते, माझ्या खात्यातही तेच होते, आणि तरी यंत्र झोपत होते. याचे कारण असे की सुटीवर जाताना वहिनी लॉग आउट करतात, आणि त्यानंतर पडद्यावर जी लॉगिनची खिडकी उरते तिचा वापरकर्ता वेगळा असतो. तो म्हणजे जीडीएम. त्याचा डेटाबेस वेगळा आणि त्याची सेटिंग्जही वेगळी. आमच्या आवृत्तीत ग्नोमचे मूळ मूल्य २० मिनिटांचे, म्हणजे १२०० सेकंदांचे आहे आणि जीडीएम तेच पाळतो. सेटिंग्जच्या खिडकीत कितीही शोधले तरी या तिसऱ्या वापरकर्त्याचे नाव तेथे सापडत नाही. डेबियनमध्ये त्यासाठी ईटीसी फोल्डरात, जीडीएम३ च्या आत, ‘ग्रीटर.डीकॉन्फ-डीफॉल्ट्स’ नावाची साधी मजकुराची फाइल आहे. झोपेच्या ओळी तिच्यात आधीच लिहिलेल्या असतात, फक्त त्यांच्यापुढे हॅशचे चिन्ह असते. ते काढून मूल्य बदलले आणि यंत्र पुन्हा सुरू केले की काम होते.

त्यानंतर आम्ही सर्वांसाठी समान असलेली सेटिंग्ज खात्याखात्यांतून काढून यंत्राच्या पातळीवर नेली. इंग्रजी आणि मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी) अशी कीबोर्डची जोडी, त्या दोहोंत बदल करणारी ऑल्ट-शिफ्ट, पडद्याची वेळ, अक्षरांचा आकार हे सगळे डीकॉन्फच्या ‘लोकल.डी’ फोल्डरात एका फाइलमध्ये लिहिले, कोणते डेटाबेस कोणत्या क्रमाने वाचायचे हे सांगणाऱ्या प्रोफाइलच्या फाइलमध्ये वापरकर्त्याच्या डेटाबेसखाली हा डेटाबेस नोंदवला आणि ‘डीकॉन्फ अपडेट’ चालवले. आता नवे खाते काढले की इनस्क्रिप्ट तेथे हजर असते. ग्राहकांना वापरायला दिलेल्या संगणकावर काही कळांना कुलूपही लावले आहे. कुलूप लागलेल्या कळीला ‘जीसेटिंग्ज रायटेबल’ विचारले की ‘फॉल्स’ असे उत्तर येते. हे कुलूप सोयीपुरते समजावे. टर्मिनल वापरता येणारा माणूस ‘डीकॉन्फ_प्रोफाइल’ हे चल (व्हेरिएबल) बदलून त्याला वळसा घालू शकतो.

छपाईच्या दुकानात कागदाच्या आकाराला सर्वाधिक महत्त्व असते, आणि त्याचे सेटिंग एका जागी नाही हे येथे सविस्तर सांगायला हवे. पहिली जागा म्हणजे लोकेल, अर्थात यंत्राच्या भाषेची आणि प्रदेशाची निवड. यंत्राची भाषा अमेरिकी इंग्रजी असेल तर कागदाचे मूळ माप लेटर धरले जाते, भारतीय इंग्रजी किंवा मराठी असेल तर ए४. ‘लोकेलसीटीएल’ या कमांडने भाषा भारतीय इंग्रजी, तारखा मराठी आणि कागद ए४ अशी वेगवेगळी निवड करता येते. मात्र ते लोकेल आधी यंत्रावर तयार केलेले असावे लागते आणि बदल पुढच्या लॉगिनला लागू होतो. (लिनक्सच्या ग्लिबसी या मूळ लायब्ररीच्या लोकेलांत कोंकणीही आहे, गोव्यातील ज्यांना तारखा कोंकणीत हव्या असतील त्यांनी तेही करून पाहावे.) दुसरी जागा म्हणजे प्रिंटरची रांग. तेथे ‘एलपीअॅडमिन’ने ठेवलेले मूळ मूल्य सर्वांना लागू होते. तिसरी जागा म्हणजे ‘एलपीऑप्शन्स’. ही कमांड सामान्य वापरकर्त्याने चालवली तर त्याच्याच होम फोल्डरात नोंद होते आणि रूट (यंत्राचा प्रशासक) म्हणून चालवली तर यंत्राच्या ईटीसी फोल्डरात. या तिन्ही ठिकाणी एकमत नसेल, तर एकच अर्ज एका खात्यातून व्यवस्थित छापला जातो आणि दुसऱ्या खात्यातून त्याची तळाची ओळ कापली जाते. कागद बिघडला की लोक प्रिंटरला दोष देतात; माझा सल्ला असा की आधी दोन्ही खात्यांतून ‘एलपीऑप्शन्स’ चालवून त्यांची उत्तरे शेजारी ठेवावीत.

प्रिंटरबद्दलचा दुसरा अनुभव पावसाळ्याचा आहे. छपाई चालू असताना वीज गेली की काम अर्धवट राहते, आणि आमच्या रांगेचे चुकीसंबंधीचे धोरण ‘स्टॉप-प्रिंटर’ असे होते, म्हणजे काम फसले की रांगच थांबवायची. वीज परत येते, प्रिंटरचा हिरवा दिवा लागतो, कामे रांगेत साचत जातात आणि कागद मात्र बाहेर येत नाही. अशा वेळी ‘एलपीस्टॅट’ रांग थांबलेली असल्याचे सांगते आणि ‘कप्सएनेबल’ ती पुन्हा सुरू करते. कायमचा उपाय म्हणून ‘एलपीअॅडमिन’ने ते धोरण ‘रीट्राय-जॉब’ असे बदलले. त्यानंतर वीज आल्यावर अडलेले काम थोड्या वेळाने आपोआप पुन्हा छापायला घेतले जाते आणि वहिनींना माझी वाट पाहावी लागत नाही. सगळ्या पावसाळ्यात सर्वाधिक उपयोगी पडलेली ओळ मला हीच वाटते.

नेटवर्कसाठी ‘एनएमसीएलआय’ आहे, आणि या सर्व कमांडमध्ये तिची रचना मला सर्वांत नीटनेटकी वाटते. जोडणी वेगळी, उपकरण वेगळे, आणि प्रत्येक गुणधर्माचे नाव स्वच्छ. आमच्याकडे मुख्य जोडणी तारेची आहे आणि ती गेली की मोबाइल यूएसबीने जोडतो. वायफायपेक्षा तारेला प्राधान्य मिळावे म्हणून नेटवर्कमॅनेजर तारेच्या मार्गाला मुळात १०० आणि वायफायला ६०० हे मापन देतो. आकडा लहान तितके प्राधान्य मोठे. मात्र यूएसबीने जोडलेला मोबाइलही त्याला तारेचीच जोडणी वाटतो, त्यामुळे दोघांना मापन स्वतः नेमून द्यावे लागते. मोबाइलच्या जोडणीवर ‘मीटर्ड’ हा गुणधर्म ‘येस’ केला की ग्नोम सॉफ्टवेअर तिच्यावरून अद्यतने आपोआप उतरवत नाही. तरीही एक अडचण राहते. घरातील राउटर चालू आणि बाहेरची लाइन बंद, अशा स्थितीत यंत्राच्या दृष्टीने तार जोडलेलीच असते आणि मार्ग बदलत नाही. नेटवर्कमॅनेजरची जोडणी-तपासणी चालू असेल, तर इंटरनेट न मिळणाऱ्या मार्गाच्या मापनात तो २०,००० ची भर घालतो आणि मोबाइल आपोआप पुढे येतो. ही तपासणी चालू आहे की नाही हे पावसाळ्याआधीच पाहून ठेवावे. वायफायचा पासवर्ड कमांडच्या ओळीत लिहू नये, कारण तो शेलच्या (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) इतिहासात उघडा पडून राहतो. ‘--आस्क’ हा पर्याय दिला की तो वेगळा विचारला जातो.

वेळेसाठी ‘टाइमडेटसीटीएल’ आहे. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही, आणि हेच तिचे यश आहे. आशिया/कोलकाता हा पट्टा आणि आपोआप वेळ जुळवणे एकदा ठरवून दिले की पुन्हा पाहावे लागत नाही. जुन्या यंत्रातील सेल संपलेला असेल, तर वीज आल्यावर घड्याळ मागे गेलेले असू शकते आणि मग सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्र नाकारतात. अशा वेळी या कमांडच्या उत्तरात घड्याळ जुळले आहे की नाही ते आधी वाचावे.

उणिवाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. जीसेटिंग्जमध्ये यादीत एक नाव वाढवण्याची सोय नाही. कीबोर्डच्या यादीत तिसरी मांडणी घालायची तर पूर्ण यादी कंस आणि अवतरणचिन्हांसह नव्याने लिहावी लागते. स्वतःचा शॉर्टकट करायचा असेल तर त्याचे नाव, कमांड आणि कीबोर्डवरच्या कळा अशी तीन मूल्ये एका लांबलचक मार्गावर लिहून शिवाय तो मार्ग आणखी एका यादीत नोंदवावा लागतो. हे काम मी आजही माउसने करतो आणि नंतर ‘डीकॉन्फ डंप’ने उतरवून घेतो. सुडोसह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, जीसेटिंग्ज चालवली तर रूटची सेटिंग्ज बदलतात, समोर बसलेल्या वापरकर्त्याची नाही; ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनमधून चालवली तर सत्राच्या डी-बसचा (प्रोग्रॅमनी एकमेकांना निरोप देण्याच्या वाहिनीचा) पत्ता मिळत नाही आणि बदल पोहोचत नाही. या दोन्ही गोष्टी कमांडच्या माहितीत ठळकपणे लिहिलेल्या असायला हव्या होत्या. ही माहिती मराठीत नाही याचेही मला मनापासून वाईट वाटते, कारण वहिनींसारख्या रोज मराठीत काम करणाऱ्या हुशार माणसाला अडवणारी गोष्ट कमांड नसते, तिची इंग्रजी पुस्तिका असते. त्यासाठी आमच्या फाइलमध्ये प्रत्येक कमांडच्या वर ती काय करते आणि कोणाचे सेटिंग बदलते हे मराठीत लिहिले आहे, आणि आता त्या स्वतःच त्यात भर घालतात.

एक्सएफसीईच्या जुन्या संगणकावर ‘एक्सएफकॉन्फ-क्वेरी’ हे काम करते. तिची सेटिंग्ज एक्सएमएलच्या साध्या फाइलींत असल्यामुळे ती वाचता येतात आणि ‘-एम’ या पर्यायाने बदलांवर नजरही ठेवता येते. या बाबतीत ती ग्नोमपेक्षा सोपी आहे.

पडद्यांच्या मांडणीचा प्रश्न मात्र आमच्याकडे अजून सुटलेला नाही. पुस्तिकांच्या मांडणीसाठी एका यंत्राला दुसरा पडदा जोडलेला आहे. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स११ व्यवस्थेच्या सत्रात ‘एक्सरँडआर’ने त्याची जागा आणि आकार ठरवता येत असे. तिच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये ती कमांड चालते, पडद्यांची नावेही दाखवते, पण मांडणी तिच्या हाती नसते. ग्नोम ४८ मध्ये त्यासाठी ‘जीडीसीटीएल’ ही नवी कमांड आली आहे आणि डेबियन १३ मध्ये ग्नोमची तीच आवृत्ती आहे. आमच्या डेबियन १२ मध्ये ग्नोम ४३ असल्याने ती येथे मिळत नाही. तोपर्यंत मांडणी खिडकीतूनच करायची आणि तयार झालेली ‘मॉनिटर्स.एक्सएमएल’ ही फाइल दुसऱ्या खात्यात उतरवायची, एवढेच आम्ही करतो.