वीरपत्नीच्या हयातीचा दाखला: गेवराईच्या सुविधा केंद्राचा अनुभव

माझे थोरले बंधू १९९९ च्या कारगिल युद्धात धारातीर्थी पडले, तेव्हापासून वहिनींना उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे बंधूंच्या अखेरच्या वेतनाइतकी रक्कम, मिळते. मात्र ते सुरू राहण्यासाठी ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीत दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. कापूस वेचून आणि खुरपणी करून वहिनींच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की ठसा उमटतच नाही. एका बँकेच्या शाखेने याच कारणावरून त्यांना तीनदा माघारी पाठवले होते.

गेवराईच्या बसस्थानकाजवळील सुविधा केंद्रात यंदा गेलो. चालकाने दोनदा ठसा घेऊन पाहिला, मग ‘मावशी, बोटांचं राहू द्या, इकडं बघा आन् डोळ्याची पापणी लववा’ असे म्हणून मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीने दाखला काढून दिला. अर्जात पतीच्या नावाआधी ‘कै.’ दिसताच वहिनींचे बोट त्या अक्षरावर थांबले. मागे रांग असतानाही त्या तरुणाने घाई केली नाही, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्या सावरेपर्यंत थांबला. पंचवीस वर्षांनंतरही ते अक्षर वाचणे सोपे नसते, हे त्याला कोणी शिकवले असेल?

शुल्क माफक असून पावती मिळते. जागा अरुंद आहे, बसायला एकच बाक आहे आणि दुपारी वीज जाते, म्हणून सकाळीच जावे. आधार, मोबाइल आणि निवृत्तिवेतन आदेशाचा क्रमांक सोबत ठेवावा.