तंबाखूच्या पाइपच्या तळाची घुमटजाळी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी वस्तू काय ते. स्टेनलेस स्टीलच्या विणलेल्या तारेची, उपड्या वाटीसारखी फुगीर जाळी. व्यास 12 मिमी, उंची 5 मिमी, एका इंचात 40 तारा आणि तार पाव मिलिमीटर जाडीची. तंबाखू भरण्यापूर्वी ती बाऊलच्या (तंबाखू भरायच्या वाटीच्या) तळाशी, ड्राफ्ट होलवर (धूर ओढला जातो त्या छिद्रावर) उपडी ठेवायची, बस्स. अशा जाळ्यांच्या पाकिटावर बहुतेक वेळा तीन दावे असतात: धूर गाळते, ओढ मोकळी करते, पाइप थंड ठेवते. पहिला चुकीचा आहे, दुसरा बराचसा खरा आहे आणि तिसऱ्याच्या नेमकं उलटंही घडू शकतं. चार पाइपांत आलटूनपालटून वापरल्यावर हे मत झालं आहे. दोन ब्रायर लाकडाचे (एक सरळ, एक वाकडा), एक कॉर्न कॉब (दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा) आणि एक मीरशॉम (मऊ खनिजाचा).

धूर गाळण्याचं आधी मिटवून टाकू. या जाळीची भोकं सुमारे 0.38 मिमीची. तंबाखूचा चुरा अडतो. निकोटिन, कार्बन मोनॉक्साइड आणि डांबराचे सूक्ष्म थेंब आरपार जातात. ज्या कणांनी धूर बनतो ते मायक्रॉनच्या मापाचे असतात. त्यामुळे जाळी बसवल्याने पाइप ओढणं कमी घातक होत नाही आणि तसं सुचवणारा मजकूर वाचून खरेदी करू नये.

मग उपयोग कशाचा? पोकळीचा. जाळी नसताना तळातली तंबाखू थेट ड्राफ्ट होलच्या तोंडावर बसते. दोन-चार ओले तुकडे तिथे आडवे झाले की 4 मिमीच्या छिद्रातली जेमतेम अर्धी जागा उरते आणि झुरका मारताना गाल आत जातात. घुमटाखाली मात्र मोकळी जागा राहते. हवा घुमटाच्या सगळ्या पृष्ठभागातून आत येते, पोकळीत जमते आणि तिथून छिद्रात शिरते. आकडे मांडले की फरक चटकन कळतो. 4 मिमी छिद्राचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस मिमी. या घुमटाचा पृष्ठभाग सुमारे 190 चौरस मिमी आणि त्यातला उघडा भाग सदतीस टक्के, म्हणजे 70. निम्मी जाळी तंबाखूने झाकली गेली तरी छिद्राच्या पावणेतीन पट वाट उरते.

हाच हिशेब सपाट जाळीला लावून पाहा. सपाट चकती छिद्रावर चिकटून बसली की जाळीचा फक्त छिद्रासमोरचा भाग कामाला येतो. साडेबाराचे सदतीस टक्के म्हणजे साडेचार चौरस मिमीच्या आसपास. 4 मिमीचं छिद्र आपण स्वतःच्या हाताने 2.4 मिमीचं करून ठेवलेलं असतं. इंचाला 60 तारांची बारीक जाळी असेल तर ते आणखी लहान होतं. 'जाळी लावली आणि ओढ आणखी जड झाली' ही तक्रार बहुतेक वेळा सपाट चकतीची असते. त्यामुळे विकत घेताना तारेपेक्षा फुगीरपणा पाहावा.

आता महत्त्वाचं. पाइपची ओढ चार ठिकाणी अडू शकते आणि ही जाळी त्यातल्या एकाच ठिकाणी, बाऊलच्या तळाशी, उपयोगी आहे. म्हणून आधी रिकामा, साफ केलेला पाइप ओढून पाहावा. रिकाम्या पाइपलाच जोर लागत असेल किंवा शीळ वाजत असेल तर जाळीचा विचार सोडून द्यावा. पाइप पूर्ण गार असल्याची खात्री करून स्टेम, म्हणजे तोंडात धरायची नळी, वेगळा करावा (गरम शँकमधून, म्हणजे बाऊलला जोडलेल्या दांड्यातून, टेनन, म्हणजे स्टेमचं आत बसणारं टोक, ओढला तर शँक तडकतो किंवा टेनन मोडतो) आणि नुसता स्टेम तोंडाने ओढावा. रोध तिथे जाणवला तर दोष ओठाशी असलेल्या फटीत किंवा टेननच्या भोकात आहे. शँकमधल्या वाटेचं माप घ्यायला ड्रिल बिटाचा मागचा गुळगुळीत दांडा बरा पडतो. 3.5 मिमीचा दांडा अलगद शिरला तर वाट ठीक, 3 मिमीचाच अडला तर मूळ दुखणं तिथे आहे. संथ प्रवाहात नळीचा रोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. 3 मिमीची वाट 4 मिमीची केली की रोध एक तृतीयांशाच्याही खाली येतो. असा फरक कुठलीच जाळी देऊ शकत नाही. वाकड्या पाइपात मात्र दांडा आत जात नाही, तिथे पाइप क्लीनर किती सहज सरकतो त्यावरून अंदाज घ्यावा लागतो.

चौथी जागा टेनन आणि मॉर्टिसच्या (शँकमधल्या, टेनन बसतो त्या खाचेच्या) तळामधली फट. ती एक-दोन मिमी असली तरी धूर तिथे एकदम पसरतो, थंड होतो आणि पाणी साचून गुरगुर सुरू होते. जळताना तंबाखूतला ओलावा तर बाहेर पडतोच, शिवाय ज्वलनातूनही नवं पाणी तयार होतं. या पाण्यावर घुमटजाळीचा काही इलाज नाही. 9 मिमी फिल्टरचा पाइप फिल्टरशिवाय ओढणाऱ्यांना ही फट चांगलीच परिचयाची असेल. त्यावर अ‍ॅडॅप्टर (फिल्टरच्या जागी बसणारी नळी) हाच उपाय.

ओढ रिकाम्या पाइपात मोकळी आणि भरल्यावर, विशेषतः शेवटच्या तिसऱ्या भागात, जड होत असेल तर मात्र ही वस्तू नेमकी त्यासाठीच आहे.

बसवताना एक चूक हमखास होते. पुष्कळ पाइपांत ड्राफ्ट होल तळाच्या मधोमध नसतं, बाजूच्या भिंतीतून जरा वर उघडतं. छिद्राची वरची कड तळापासून पाच-सहा मिमीवर असेल तर 5 मिमी उंचीचा घुमट खाली पडून राहतो आणि तंबाखू वरून सरळ छिद्रात जाते. जाळी आहे आणि उपयोग शून्य. घुमटाची उंची छिद्राच्या वरच्या कडेपेक्षा किमान एक मिमी जास्त हवी आणि त्याची कड छिद्राच्या बाजूच्या भिंतीला टेकलेली हवी. तपासायचं असं: जाळी ठेवून स्टेममधून पाइप क्लीनर हळू आत सरकवावा आणि बाऊलमध्ये उजेड पाडून वरून पाहावं. क्लीनरचं टोक जाळीखाली दिसलं पाहिजे. जाळीवर दिसलं तर माप चुकलं. 19-20 मिमी रुंद, गोल तळाच्या बाऊलला 12 मिमी बरोबर बसतो. तळ निमुळता असेल तर हाच घुमट वरच अडकतो आणि खाली नको इतकी मोकळी जागा सुटते. तिथे 9-10 मिमीचा घ्यावा. मोठा कातरून लहान करता येतो, पण कातरल्यावर तारेची टोकं आत वळवून घेणं भाग आहे, नाहीतर ती लाकडात रुततात.

बाऊलमधली किती जागा जाते हा प्रश्न मोठ्या पाइपात फारसा येत नाही. घुमटाचं आकारमान जेमतेम एक तृतीयांश घन सेंमी, तर 20 मिमी रुंद आणि 38 मिमी खोल बाऊलचं जवळपास बारा. लहान, 16 मिमी रुंद आणि 25 मिमी खोल बाऊलात मात्र पाच घन सेंमीमधून तेवढी जागा गेलेली जाणवते.

भरण्याची पद्धत थोडी बदलावी लागते. पहिला थर दाबायचा नाही, चिमटीतून मोकळा पडू द्यायचा. इथे बोट दाबलं की तंतू घुमटाच्या कडेभोवतीच्या कड्यात ठासले जातात आणि जाळीचा खालचा, म्हणजे सर्वांत उपयोगी, भाग बंद होतो. दुसऱ्या थरापासून नेहमीसारखं भरावं. सर्वांत जास्त फायदा शॅग (बारीक तंतूंसारखी चिरलेली तंबाखू) आणि क्यूब कटला (चौकोनी तुकड्यांच्या तंबाखूला) होतो, कारण त्यांचे तुकडे छिद्रात शिरतात. चुरडलेल्या फ्लेकलाही (दाबून पातळ पट्ट्या कापलेल्या तंबाखूलाही) बऱ्यापैकी. घडी करून खुपसलेल्या फ्लेकमध्ये मात्र फरक जवळजवळ नाही. घडी स्वतःच छिद्रावर पूल बांधते. आणि तंबाखू ओली असेल तर काहीच उपयोग नाही. चिमटीत दाबून सोडल्यावर गोळा तसाच राहिला तर ती पसरून अर्धा तास वाळू द्यावी. ओढ जड असण्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात, फुकटात.

आता दोष. टॅम्पर (तंबाखू दाबायचा दांडा) हा या जाळीचा मोठा शत्रू. शेवटच्या तिसऱ्या भागात धातूच्या टॅम्परने सवयीने दाबलं की घुमट बसतो. दोन-तीन वेळा असं झालं की तो जवळपास सपाट होतो आणि मग वरचा हिशेब उलटतो. ओढ हळूहळू जड होत जाते, म्हणून कारण लक्षात यायला वेळ लागतो. आठवड्यातून एकदा बाहेर काढून गोल टोकाच्या पेनावर किंवा पेन्सिलीवर दाबून आकार परत द्यावा. तार प्रत्येक वेळी थोडी कमकुवत होत जाते. पाच-सहा वेळा आकार दिल्यावर ती उभी राहायचं सोडते, तेव्हा जाळी बदलावी.

दुसरा दोष राखेचा. तळाशी आल्यावर बारीक राख भोकांतून खाली उतरते आणि स्टेमच्या वाटेने जिभेवर येते. 60 तारांच्या जाळीत हे कमी, पण ती किटणाने लवकर बुजते. 40 तारांची जाळी ही तडजोड आहे आणि ती पटते.

तिसरा दोष वस्तूचा नाही, वापरणाऱ्याचा आहे. ओढ हलकी झाली की झुरके आपोआप मोठे आणि वारंवार होतात. निखारा तापतो, वाफाळलेला धूर जिभेला चावतो आणि बाऊल हातात धरवत नाही. 'पाइप थंड ठेवते' या दाव्याचं इथे असं होतं. जाळी घातल्यानंतरचे पहिले आठ-दहा पाइप मुद्दाम संथ ओढावेत. बाऊल गालाला लावून सहन होत नसेल तर पाइप खाली ठेवावा.

आणखी एक. घुमटाखाली काजळीचा थर बसत नाही. भिंतीवर एक-दीड मिमी थर जमतो, तळ मात्र कोराच राहतो. म्हणून कोऱ्या ब्रायरमध्ये पहिल्या दिवसापासून ही जाळी घालू नये. आधी पंधरा-वीस वेळा तसाच ओढून तळाला थर धरू द्यावा.

साफसफाई सोपी आहे, कंटाळवाणी आहे. पाइप गार झाल्यावर राख हातावर किंवा कागदावर काढावी, थेट केराच्या डब्यात झटकू नये. काळी पडलेली जाळी राखेत दिसत नाही आणि हरवलेल्या जाळ्यांपैकी बहुतेक याच रस्त्याने जातात. चार-पाच वापरांनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये वीस मिनिटं भिजवावी, जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजूंनी घासावी, पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. उजेडासमोर धरल्यावर बंद भोकं लगेच कळतात. लायटरच्या ज्योतीत किटण जाळून टाकण्याची पद्धत झटपट आहे, पण तार दर खेपेला थोडी ठिसूळ होते. त्यात अल्कोहोलने ओली जाळी ज्योतीत धरणं तर सरळ आगीला बोलावणं आहे. जाळी आत असताना रोजचा पाइप क्लीनर जोरात ढकलला तर ती उचलली जाते. टोक पोकळीत दोन-तीन मिमी आलं की थांबावं.

धातूबद्दल दोन शब्द. पितळेची जाळी स्वस्त आणि हातांनी वळवायला सोपी, पण उष्णतेने लवकर मऊ आणि मग पातळ होते. स्टेनलेसमध्ये 304 ग्रेडचं पुरेसं आहे. नवी जाळी साबणाच्या पाण्यात धुऊन उकळून घ्यावी, कारण विणताना लागलेलं तेल तिच्यावर असू शकतं. हार्डवेअरची गॅल्व्हनाइज्ड जाळी कापून घरगुती घुमट करण्याचा मोह टाळावा. तिच्यावरचा जस्ताचा थर 420 अंश सेल्सिअसला वितळतो आणि निखारा त्याहून जास्त तापू शकतो.

चार पाइपांपैकी सर्वांत जास्त फरक कॉबमध्ये पडला. कॉबचा लाकडी शँक बऱ्याचदा बाऊलच्या आत थोडा पुढे आलेला असतो आणि त्याचं छिद्र तळापासून वर राहतं. खालच्या खड्ड्यात ओला लगदा साचतो. काही जण तो खड्डा राख आणि पाण्याच्या लेपाने भरून काढतात. लेप वाळल्यावर त्यावर 14 मिमीचा घुमट शँकच्या टोकावर झुकवून बसवला की शेवटचा तुकडाही कोरडा जळतो. सरळ ब्रायरमध्ये फायदा स्पष्ट, वाकड्यात अर्धामुर्धा. तिथली गुरगुर मॉर्टिसमधली होती, ती तशीच आहे.

मीरशॉममधून मात्र ती चौथ्याच खेपेला काढली. हे खनिज मऊ असतं, गरम आणि दमट झालं की आणखी मऊ, आणि त्याच्या भिंतीवर काजळीचा थर जमू द्यायचा नसतो, दर खेपेला कागदाने पुसायचा असतो. म्हणजे तारेच्या आणि दगडाच्या मध्ये काहीच उरत नाही. कड आत वळवलेली असूनही तळाशी गोल ओरखडा उमटला आहे, नखाला लागेल इतका.